गोठ्याचा उतारा

ग्रामसेवक म्हणून माझी पहिली नेमणूक पूर्णगडच्या अलीकडे, आत डोंगरात असलेल्या एका गावात झाली. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी चोविशीचा होतो आणि नियमांचं पुस्तक पाठ असल्यामुळे आपल्याला सगळं कळतं, असा माझा समज होता.

त्या वर्षी बेघरांच्या योजनेतून गावाला एक घर मंजूर झालं. ते कुणाला द्यायचं यावरून ग्रामसभेत भांडणं होणार म्हणून मी तयारीने गेलो, पण भांडण झालंच नाही. आमच्याकडे बांधावरच्या फणसापायी दोन पिढ्या कोर्टाची पायरी चढतात, त्या माणसांनी एकमुखाने एकाच बाईचं नाव घेतलं. ती विधवा होती, पन्नाशीची. आदल्या पावसाळ्यात तिचं मातीचं घर बसलं, तेव्हापासून ती दिराच्या रिकाम्या गोठ्यात राहत होती. गोठ्याला भिंत एकाच बाजूला, बाकी तीन बाजूंना काठ्यांचा कूड.

गावाचं म्हणणं सरळ होतं. गोठ्याला चिऱ्याच्या भिंती घालू, कौलं बदलू, अंगमेहनत वाडी करील, तुम्ही फक्त सामानाचे पैसे द्या. पावसाआधी बाई कोरड्यात आली असती. पण पैसे नव्या घरालाच द्यायचे होते, दुरुस्तीला नाही, आणि घरही तिच्या स्वतःच्या जागेवर हवं होतं. आता आमच्याकडे एकट्याच्या नावावर जागा असते कुणाची? तिच्या नवऱ्याच्या सातबाऱ्यावर सतरा नावं, त्यातली निम्मी मुंबईला आणि चार वारलेली. मेलेल्यांची संमती कुठून आणायची, असं मी तालुक्याला पत्राने विचारलं. उत्तर आलं नाही.

मग मी डोकं चालवलं. गावातल्या घरांची नोंदवही माझ्याच ताब्यात होती. दिराला विचारून मी तो गोठा 'घर' म्हणून तिच्या नावावर चढवला. तिच्याच नावावरच्या या पडक्या घराच्या जागी नवं घर बांधायला तरी कुणी हरकत घेणार नाही, असं मला वाटलं. उताऱ्याची नक्कल दिली तेव्हा तिने ती दोन्ही हातांत धरली. तिला वाचता येत नव्हतं. आपलं नाव कुठे आहे ते तिने मला बोटाने दाखवायला लावलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तालुक्याच्या साहेबांनी फाइल उघडली आणि उतारा पाहिला.

"या बाईंना घर आहे की."

तो गोठा आहे, असं मी म्हणालो.

"मग ही खोटी नोंद कुणी केली?"

साहेब वाईट नव्हते. त्यांनी वाट पाहिली, मला चहासुद्धा मागवला. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती, लग्न ठरलेलं होतं. मी चहा प्यायलो आणि गप्प बसलो. त्यांनी तिच्या नावावर रेघ मारली. दुसरं नाव पाठवायला वेळ उरला नव्हता, त्यामुळे मार्चअखेर गावाचं घर परत गेलं.

वरून नामंजूर झालं, एवढंच मी गावात सांगितलं. ती कचेरीत आली तेव्हा शिव्या खायची तयारी ठेवून बसलो होतो.

"भाऊसाहेब, तुमी काय करनार? तुमी तर कागद केलाव," असं ती म्हणाली आणि निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या गावात मी आणखी चार पावसाळे काढले. ती नोंद रद्द करता आली असती. बेघरांची नवी यादी करायची वेळ आली की मी वही काढायचो, ते पान उघडायचो आणि मिटून ठेवायचो. रद्द करायची तर कारण लिहावं लागलं असतं. आता नियम सैल झालेत, गावाला स्वतः ठरवता येतं, असं ऐकतो. झाले असतील. वरातीमागून घोडं, दुसरं काय. शिवाय नियमांना दोष देताना माझी जीभ अडखळते.

चौथ्या पावसाळ्यात ती तापाने गेली. शेवटचे आठ दिवस कुडातून पाणी आत येत होतं आणि शेजारणी तिचं अंथरूण या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ओढत होत्या. मृत्यूची नोंदही मलाच करायची होती. 'मृत्यूचे ठिकाण' या रकान्यापाशी माझं पेन थांबलं, पण फार वेळ नाही. मी 'राहते घर' असं लिहिलं आणि खाली सही केली.