मोजणीबाईंचं झुकतं माप

प्रयोगशाळेत तिला सगळे मोजणीबाई म्हणत. एकोणीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून ती उंदरांच्या मेंदूतल्या पहारेकरी पेशी मोजत आली होती. डोक्याला मार बसला की या पेशी बिथरतात. फांद्या आखडून घेतात, फुगून गोल होतात आणि शेजारच्या धडधाकट पेशींवरच तुटून पडतात. नव्या औषधाने त्या शांत राहतात का, एवढंच बघायचं होतं. फांद्यांच्या किती, गोल किती. मेंदूचे पातळ काप काचांवर चिकटवून दोन पेट्यांत ठेवलेले. कुठल्या पेटीतल्या काचा औषध टोचलेल्या उंदरांच्या आणि कुठल्या नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्यांच्या, हे मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही, असा कडक नियम.

दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा शिडीवरून डोक्यावर पडला. तेव्हापासून भांडं वाजलं तरी तो अंगावर धावून येई आणि मग तासभर भिंतीकडे बघत बसे. हे औषध लागू पडावं, याखेरीज तिला दुसरं काही नको होतं.

इथेच बाईंची मती फिरली. दुसऱ्या पेटीतल्या पहिल्या दोन काचा शांत दिसल्या आणि तिने ठरवूनच टाकलं, हीच औषधाची. मग धड गोल नाही, धड फांद्यांची नाही अशी पेशी दिसली, की या पेटीत ती फांद्यांची, पहिलीत गोल.

मोजणी संपल्यावर पेट्यांच्या गुप्त नोंदी उघडल्या. दुसरी पेटी मिठाच्या पाण्याची निघाली.

"औषधापेक्षा पाणी बरं म्हणायचं!" प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणाले. "बंद करा हे काम."

तोंड उघडलं तर एकोणीस वर्षांचं नाव मातीत जाणार होतं. तिला भीती वाटायला हवी होती, पण वाटलं काहीच नाही; गेल्या दोन वर्षांत तिच्या आतलं सगळं आटूनच गेलं होतं.

"सर, मी झुकतं माप दिलंय. दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्या."

दुसऱ्याने मोजलं. औषध चांगलं निघालं. बाईंना काचा धुवायला बसवलं.

घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"मग मला देतील?"

"नाही हो. मार बसल्यावर चार तासांत टोचावं लागतं."

"हे तुला आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"मग कुणासाठी केलंस?"

"तुमच्यासाठीच. तुम्ही पडलात तेव्हा हे असतं तर..." ती म्हणाली आणि रडू येईल म्हणून थांबली. आलं नाही.