भिंतीतलं दार

माझे मामा चर्चच्या दफनभूमीत कबरी खोदायचे. एकतीस वर्षं तेच काम. पावलाखालची माती बघून सांगायचे, इथे तीन फुटांवर मुरूम लागेल, तिथे पाणी.

दफनभूमीच्या मधोमध छातीएवढी भिंत होती. अलीकडे झाडं आणि नावं कोरलेले दगड, पलीकडे गवत आणि कललेले लाकडी क्रूस. ज्यांच्या वाडवडलांनी गटारं उपसली, त्यांना पलीकडे पुरायचं, अशी रीत. आमचं घर त्यांतलंच. चर्चमध्ये बाक एक, प्रभुभोजनाचा प्यालाही एक; मेल्यावर मात्र भिंत.

आजी गेली तेव्हा मामांनी पहिल्यांदाच रीत मोडली. तिने चाळीस वर्षं चर्च झाडलं होतं. मामांनी अलीकडे, झाडाखाली खोदायला घेतलं. कंबरेएवढा खड्डा झाला आणि चर्च कमिटीचे अध्यक्ष चार माणसं घेऊन आले. त्यांनी खड्डा बुजवला. पाळकसाहेबांनी मामांना बाजूला घेतलं.

"देवापुढे सगळे सारखेच," ते म्हणाले, "पण मंडळीत तंटा नको."

"देवापुढे सारखे, मग कमिटीपुढे काय झालं?" मामांनी विचारलं. आजीला पलीकडेच पुरलं. कबर मामांनीच खोदली.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. मी कोर्टाबाहेर टायपिंग करते, त्यामुळे सगळे अर्ज माझ्याच हातून गेले. नगरपालिकेने कळवलं, ही धर्माची अंतर्गत बाब. चर्चने कळवलं, कायद्याच्या गोष्टी कोर्टात करा. कोर्टात कमिटीच्या वकिलाने विचारलं, असा भेदभाव कुठे लिहिलाय का? लिहिलेला कुठेच नव्हता. भिंत दिसते, पण ती कशासाठी ते दिसत नाही, असं तो शांतपणे म्हणाला.

खेटे घालण्यात चार वर्षं गेली. मंडळीतल्या लोकांनी बोलणं टाकलं, पण कुणी गेलं की खोदायला बोलावणं मामांनाच. मामी वैतागून म्हणायची, जितेपणी मिळालं नाही ते मेलेल्यांसाठी कशाला मागताय? तरी मामा दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून उपासनेला जायचेच. मी विचारलं, अजून का जाता?

"देव माझाही आहे," ते म्हणाले. "त्याला कमिटीच्या हवाली करून घरी बसू?"

पाचव्या वर्षी निकाल लागला. राज्यघटनेपुढे सगळे नागरिक समान, दफनभूमीत कुणालाही मज्जाव नको, अडथळा दूर करा. मी तो मामांना दोनदा वाचून दाखवला. मामीने डोळे पुसले.

कमिटीने अडथळा दूर केला, म्हणजे भिंतीत अडीच फुटांचं दार पाडलं. सरकारी माणसाने टेपने दार मोजलं आणि आदेशाचं पालन झालं असं लिहून टाकलं. त्याच आठवड्यात अलीकडच्या फाटकावर पाटी लागली: जागा शिल्लक नाही.

महिन्याभरात अध्यक्षांच्या वहिनी वारल्या. झाडाखालची जागा निघाली आणि मामांना निरोप आला. ते गेले, पण फावडं घरी ठेवून.

"पाटी मी वाचलीय," त्यांनी अध्यक्षांना एवढंच सांगितलं.

खोदायला बाहेरून माणसं आणावी लागली. दफन होईपर्यंत मामा मान खाली घालून प्रार्थनेत उभे राहिले. चार दिवसांनी त्यांनी फोटोवाल्याला नेऊन एकाच फोटोत पाटी आणि ताजी कबर, दोन्ही घेतल्या. फोटो माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "नवा अर्ज टाईप कर."

सुनावणीची तारीख आठ महिन्यांनंतरची मिळाली. त्या दिवशी न्यायाधीश रजेवर होते. पुढच्या तारखेला कमिटीच्या वकिलाने मुदत मागून घेतली. मामांना आता चौसष्टावं लागलंय, गुडघे बोलतात. कोर्टाचे जिने चढताना मध्येच थांबतात, कठडा धरतात आणि मला म्हणतात, तू हो पुढे, नाव पुकारतील.