सोडियम आणि आमचे प्रिन्सिपलसाहेब

सतरा वर्षं मी विजय नगरच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवतेय. दर जुलैत वाटतं, याहून मोठा मूर्खपणा आता शक्य नाही. दिवाळीपर्यंत नवा किस्सा जमा! मैत्रिणी ऐकून हसतात. मला सांगतानासुद्धा संताप येतो.

*

प्रिन्सिपलसाहेब मूळचे कॉमर्सचे. पहिल्याच राउंडला त्यांना रॉकेलमध्ये बुडवलेला सोडियम दिसला.

"मॅडम, ये अचार लॅब में किसने रखा?"

मी सांगितलं, हा धातू आहे, हवेत खराब होतो, पाण्यात पेट घेतो.

"धातु है तो तिजोरी में रखिए ना!"

*

नवी बाटली आली. साहेबांनी पुस्तक उघडलं. 'चांदीसारखा चकचकीत' असं लिहिलेलं, आणि बाटलीतला गोळा राखाडी. झालं! सप्लायरला 'माल नकली' म्हणून पत्र.

मी चाकूनं तुकडा कापून दाखवला. पनीरसारखा मऊ कापला जातो तो, आतून लखलखीत! साहेबांचा फोन वाजला. बोलून परत वळेपर्यंत तुकडा काळवंडलेला.

"देखा? पॉलिश थी!"

*

फर्स्ट इयरच्या एका 'भिया' म्हणवून मिरवणाऱ्या पोराने रील बनवायला सोडियमचा खडा पळवला. ठेवला कुठे? पँटच्या खिशात! घाम लागला, मांडी भाजली.

दुसऱ्या दिवशी वडील माझ्या टेबलावर हात आपटत हजर. "बच्चों को बारूद बाँटते हो?"

"चोरलाय त्यानं!" मी ओरडले.

साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, चोरी हुई, मतलब आपका ध्यान नहीं था."

*

आमचे लॅब अटेंडंट शिंदेकाका. बीपीचा त्रास. एकदा आठ दिवसांच्या रजेचा अर्ज घेऊन आले. कारण, 'डॉक्टरांनी सोडियमपासून दूर राहायला सांगितलंय.'

"अहो काका, ते मीठ हो! जेवणातलं!" मी भडकलेच.

"मला माहितीये, ताई. साहेबांना कुठे माहितीये? सही झाली पण!"

*

आणि हा शेवटचा. शहराच्या सफाईची तपासणी यायची होती. साहेब लॅबमध्ये आले आणि काकांना म्हणाले, "ये पुराना सोडियम बेसिन में बहा दो."

"सर, जान चली जाएगी."

"नौकरी चली जाएगी!" असं म्हणत साहेबांनी स्वतःच बाटली हिसकावली आणि बेसिनमध्ये उपडी केली.

काकांना एवढाच वेळ मिळाला की त्यांनी साहेबांना दाराकडे ढकललं. मी वर्गातून धावत आले तेव्हा बेसिनचे तुकडे सगळीकडे पडले होते. काकांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला. साहेबांना ओरखडासुद्धा नाही.

काका तीन आठवडे हॉस्पिटलात होते. साहेब एकदाही गेले नाहीत. त्या हाताची बोटं अजून नीट मिटत नाहीत.

मला मात्र मेमो आला. साहेबांच्या सहीचा, एकाच ओळीचा.

"बेसिन में पानी क्यों था, स्पष्टीकरण दें."