पैठण ते उत्तर-आधुनिकता, पाच लिटर पाण्यासह

संभाजीनगरात चित्रकला शिकणाऱ्या नातीचा, सानिकाचा, फोन आला. "आबा, शेवटच्या परीक्षेची मांडणी आहे. दुपारी चारला परीक्षक येणार. नापास झाले तर वर्ष गेलं. तुम्ही याच! अन् पाणी आणा, होस्टेलचे नळ कोरडे आहेत."

शहराला पाणी जातं आमच्याच धरणातून. वाटेत ते कुठं दमतं कोण जाणे. म्हणून पाच लिटरचा कॅन भरून मी ते एसटीनं नेलं.

पैठणहून गाड्या भरपूर. दीड तास धरून चला. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांनी आधार कार्ड वरच्या खिशात ठेवावं, तिकीट लागत नाही. चितेगावला कारखाने सुटले की गाडी रांगते. पूर्वी इथं ज्वारी डोलायची अन् मी शाळेतल्या कविता गुणगुणायचो. आता फलक वाचले : 'निसर्गाच्या कुशीत टू बीएचके'. कुशीत एक बाभूळसुद्धा नव्हती. शहरात गेलात तर इमरती खा, पण गरमच.

कॉलेजात सानिकानं पाणी ओतून घेतलं, रिकामा कॅन माझ्या हाती दिला. दालनात भिंतीपासून दारापर्यंत ओळीनं रिकाम्या घागरी, हंडे अन् शेवटी एक निळा ड्रम. कलाकृतीचं नाव 'आधुनिकता'.

"आधुनिकतेनं घरोघरी नळाचं वचन दिलं, आबा. आली मात्र रांग. पण हा झाला माझा अर्थ. उत्तर-आधुनिक कलेत अर्थ कलाकाराच्या मालकीचा नसतो, बघणारा ठरवतो."

मी हबकलो. आम्ही 'कवीला काय म्हणायचे आहे' लिहून पाच गुण मिळवायचो. इथं कवीच आपल्याला विचारणार!

सानिका परीक्षकांना आणायला गेली. आमच्या गल्लीत दुष्काळापासून एक शिस्त आहे : भांड्यांची रांग दिसली की आधी नंबर लावायचा, चौकशी मागून. हातानं आपोआप कॅन ड्रममागं ठेवला.

वॉचमन सलीमभाई डोकावले. "चाचा, टँकर कब आ रहा?"

"ठाऊक नाही. नंबर लावलेला बरा."

"सही बात." त्यांनी बादली ठेवली. झाडणाऱ्या कमलबाई दोन हंडे घेऊन धावत आल्या.

"मला कुणी सांगायचं नाय व्हय? सरका, भाई, मी लहान लेकरावाली."

"लेकरू कालिज में है तुम्हारा! पीछे लगाव!"

तेवढ्यात परीक्षक मॅडमना घेऊन सानिका दारात. "आबा!" एवढंच म्हणाली. तिचं वर्ष माझ्या कॅनमध्ये बुडालेलं मला दिसलं.

मॅडमनी रांग न्याहाळली. "हे सगळं तुझं?"

हो म्हणाली असती तर खपलं असतं. "नाही मॅडम. ड्रमपर्यंत माझं. पुढचं… आजोबांमुळं."

मॅडम कमलबाईंकडं वळल्या. "बाई, याचा अर्थ काय?"

"अर्थ कसला? पाणी येनार हाय."

मॅडमनी बराच वेळ लिहिलं. जाताना म्हणाल्या, "निकाल लागेपर्यंत इथलं काही हलवायचं नाही."

रिकाम्या हातानं पैठणला परतलो. तिसऱ्या दिवशी फोन : सानिका पास! शेरा होता, 'बघणाऱ्यांनी काम ताब्यात घेतले.'

मी आनंदानं बायकोला सांगितलं.

"पोरगी पास झाली, लई बरं झालं. कॅन कुठंय?"

कॅनचा अर्थ आता आपल्या मालकीचा राहिलेला नाही, हे मी तिला सविस्तर समजावलं.

"अर्थ राहू द्या तिकडंच," ती म्हणाली. "कॅन घेऊन या."