साध्या पाण्याला आलेला निळा रंग

कलबुर्गीच्या प्रयोगशाळेत मी तीन वर्षं एका उत्प्रेरकाची काळी भुकटी बनवत होते. कार्बनच्या पातळ पापुद्र्यावर लोखंडाचे अणू बसवायचे, पण एकेकटे, एकमेकांना चिकटू न देता. असे सुटे बसले की ते एन्झाइमसारखं काम करतात आणि सोबतचा बिनरंगी द्राव निळा करतात. त्यावरून मी भाजीवरच्या फवारणीचं औषध ओळखायची चाचणी बसवली होती. तिच्यात हा रंग दाबून धरणारं एक एन्झाइमही असायचं आणि फवारणीचं औषध नेमकं तेच बंद पाडायचं. औषध असेल तर निळा रंग यायचा, नसेल तर काही नाही.

दिवाळीच्या सुटीत कुप्यांची पेटी घेऊन औरादजवळच्या आमच्या गावी गेले. शाळेत बायकांना चाचणी दाखवायचं ठरलं होतं. आदल्या दिवशी घरी करून पाहिली. आमचं घर विहारामागं, गावाच्या शेवटच्या गल्लीत. नळाचं साधं पाणी बिनरंगी राहिलं, बाजारातली मेथी बुडवलेलं पाणी निळं झालं. आईनं ती मेथी टाकली नाही. चार पाण्यांनी धुऊन भाजी केली.

शाळा गावाच्या मध्यावर, पाण्याच्या टाकीला लागून. तिथल्या नळाचं पाणी घेऊन मी दोन कुप्या मांडल्या, एक साध्या पाण्याची, एक मेथीच्या. दोन्ही निळ्या झाल्या.

“आता पाण्यावरबी फवारायलेत का?” एका बाईनं विचारलं. सगळ्या हसल्या. मी पुन्हा केलं, पुन्हा तेच. माझे कान तापले.

दाराशी गावचा वॉटरमन उभा होता. टाकी भरणं, गल्लोगल्ली पाणी सोडणं हे त्याचं काम. तो म्हणाला, “अक्का, सकाळी मी टाकीत ब्लीचिंग टाकलोय. त्याचं तर न्हाई?”

ब्लीचिंगमधल्या क्लोरीननं तो द्राव आपोआप निळा होतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण प्रयोगशाळेत आम्ही डिस्टिल्ड पाणीच वापरत आलो होतो. मी भुकटी न घालता, नुसता द्राव नळाच्या पाण्यात टाकला. निळा.

“व्हय अण्णा, त्याचंच. पण काल घरी असं झालं न्हाई.”

“कामून न्हाई? कालबी टाकलो होतो की.”

मग दोघांनाही एकदमच कळलं. आमच्या गल्लीतले लोक वर्षानुवर्षं त्याच्याशी भांडत होते, की तू ब्लीचिंग टाकत नाहीस. माझे वडीलही एकदा तावातावानं भांडले होते.

आम्ही दोघं टाकीपासून निघालो. प्रत्येक वळणावर एका नळाचं पाणी कुपीत घेऊन त्यात नुसता द्राव टाकला. रंग फिकट होत गेला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जेमतेम दिसला, आमच्या नळाला काहीच आला नाही. त्यानं कुपी उन्हात धरून बराच वेळ पाहिली.

“मी टाकलो, अक्का. देवाशपथ टाकलो.”

“टाकलात, अण्णा. हितवर पोचत न्हाई.”

आई चहा घेऊन बाहेर आली. “हेच आम्ही सांगायलोय,” ती म्हणाली. त्यानं मान खाली घालून चहा घेतला.

पंचायतीला मी कन्नडमध्ये अर्ज लिहिला, कुप्यांचे फोटो जोडले. उन्हाळ्यात रस्ता खणला तेव्हा नाल्याजवळ पाइपचा एक सांधा फुटलेला सापडला; तिथून आत शिरणारं घाण पाणी क्लोरीन संपवत होतं. पाइप बदलला. गल्लीच्या सुरुवातीला क्लोरीन सोडायची वेगळी सोय झाली, तीही दोनदा आठवण करून दिल्यावर. वॉटरमनला मी द्रावाची एक बाटली देऊन ठेवली होती. तो अधूनमधून फोन करायचा, “आज तुमच्या गल्लीत फिकं निळं आलंय, अक्का.”

प्रबंधात मी हे सगळं दीड पानात लिहिलं होतं. मार्गदर्शकांनी ते खोडून एक वाक्य ठेवलं: नळाचं पाणी वापरण्याआधी त्यातला क्लोरीन काढून टाकावा. “याचा आपल्या उत्प्रेरकाशी काही संबंध नाही,” ते म्हणाले. ते खरंच होतं. गल्लीत फिरताना काळ्या भुकटीची बाटली मी पेटीतून काढलीही नव्हती.