काचेवर न बसणारा डिंक

मेहकरच्या कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवायची आणि उरलेला वेळ बाभळीच्या डिंकापायी घालवायची. दुपारनंतर कॉलेज ओस पडायचं. प्रयोगशाळेत मी, डिंक आणि पंखा. त्या दिवसांत माझ्याशी सगळ्यात जास्त कोणी बोलत असेल तर तो पंखाच, तोही एका बाजूनं घासत.

काम सांगायला सोपं होतं. डिंक पाण्यात विरघळवायचा, काचेवर त्याचा पातळ पापुद्रा चढवायचा, खाली-वर धातूचे थर द्यायचे. मग विजेचे छोटे छोटे झटके. नीट जमलेला पापुद्रा ते झटके लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी वीज त्यातून सहज जाते, आणि झटके वरचेवर दिले तर ती आठवण जास्त टिकते. मेंदूतल्या जोडण्याही साधारण अशाच पक्क्या होतात. मेंदूच्या धर्तीवरची असली उपकरणं पुढेमागे शरीरात बसवायची, तर ती अंगाला बाधून चालणार नाही. बाळंतिणीला देतात तो डिंक कसला बाधतोय, असं मी सगळ्यांना ऐटीत सांगायची. पापुद्रा जमला तर बंगळूरच्या मोठ्या प्रयोगशाळेत जागा मिळणार होती. नाही जमला तर मेहकर आणि पंखा.

डिंक आई पाठवायची. बाबा गेल्यापासून ती वरवट बकालला एकटीच. बांधावरच्या बाभळींना खाचा पाडायची, डिंक खरवडायची, निवडायची आणि इकडं येणाऱ्या कुणाच्या तरी हाती डबा द्यायची. बोलण्यात आम्ही दोघीही कंजूष. जेवलीस का, हो, तू जेवलीस का, हो, की फोन संपला. डिंकाचा विषय निघाला की मात्र ती रंगात यायची. कोणत्या झाडाचा लालसर निघाला, कोणत्याला मुंगळे लागले, सगळं सांगायची. त्यातलं निम्मं माझ्या कामाचं नव्हतं, पण मी फोन ठेवत नसे. तेवढाच घरचा आवाज कानावर पडायचा.

त्या वर्षीचा डिंक काही केल्या काचेवर बसेना. पापुद्रा फाटायचा, मध्येच भोकं पडायची. पाणी बदललं, काच बदलली, पीएचडीच्या मार्गदर्शकांची बोलणी खाल्ली. पार जेरीस आले आणि सुटी टाकून गावी गेले. आई ओसरीत डिंक फोडत बसली होती, शेजारी तुपाची वाटी. तुकडे हाताला चिकटतात म्हणून ती मधूनमधून बोटं तुपात बुडवत होती. लाडवांच्या डिंकाला तुपाचा हात लागला तर उत्तमच, पण तुपकट डिंकाचा पापुद्रा काचेवर धरणार कसा? मी कपाळावर हात मारला.

"मले वाटलं, थोडा खातबी असशीन तू," ती म्हणाली. "घरचंच तूप हाय."

रागाचं बोलणं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. हे ऐकलं आणि गिळून टाकलं. मी एकही लाडू केला नव्हता. एकटीसाठी कोण करतं?

आईनं नवा डिंक कोरड्या हातांनी निवडला आणि तो काचेवर बसला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर आदल्या दिवशीचे झटके पापुद्र्याच्या लक्षात होते. दाखवायला आसपास कोणीच नव्हतं, म्हणून आईला फोन लावला. लक्षात ठेवलं का त्यानं, एवढंच तिनं विचारलं. हो म्हटल्यावर ती मोठ्यानं हसली. बाबांच्या माघारी तिला असं हसताना मी ऐकलंच नव्हतं.

बंगळूरची जागा मिळाली. निघण्याआधी भेटायला गेले, तेव्हा तिकडं डबा कुणाच्या हाती पाठवायचा, असं तिनं विचारलं. तिकडं शुद्ध केलेला डिंक बाटलीत विकत मिळतो, सगळे तोच वापरतात, तू आता उन्हातान्हात बाभळींमागं फिरू नकोस, असं मी सांगितलं. तिला सुटल्यासारखं वाटेल, असा माझा समज.

 ती म्हणाली, "मंग आता आपण फोनवर काय बोलाव व?"