धरणगावच्या सुनेची कॅसेट

माझ्या लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा मी रडले. बायकांना वाटलं, माहेर सुटतंय म्हणून पोरगी रडते आहे. कसलं माहेर नि कसलं काय! मांडवभर बायका माझ्या तोंडाकडे बघत बसल्या होत्या आणि पाठ केलेला उखाणा काही केल्या घशाच्या वर यायला तयार नव्हता. शेवटी एका मावशीने माझ्या वतीने नाव घेतलं आणि माझी सुटका झाली. धरणगावला सासरी मी अशी मुकी म्हणूनच आले, आणि एकदा का तसं नाव पडलं की ते निभावणं सोपं असतं. कुणी काही विचारत नाही.

गाणं मात्र मला येत होतं. धुळ्याजवळच्या आमच्या गावात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी यायच्या, लिंबाच्या फांदीला झोके बांधले जायचे, आणि सासरची सगळी गाऱ्हाणी त्या झोक्यावर गाण्यातून बाहेर पडायची. सासूची नक्कल, नणंदेचा तोरा, दिराचा हावरटपणा, सगळं चालायचं. झोका थांबला की गाऱ्हाणंही तिथेच टाकून द्यायचं, त्याचा राग कुणी धरायचा नाही, असा रिवाज होता. माझी धाकटी बहीण पुढे बसून खणखणीत गायची. मी तिच्या पाठीमागे तोंड लपवून.

ती बहीण लग्न होऊन सुरतेला गेली. तिच्या पहिल्या बाळंतपणाच्या वर्षी तिला आखाजीला येता येणार नव्हतं. तिचा नवरा धरणगावला आला तेव्हा तिचा निरोप घेऊन आला, की ताईला सांगा, झोक्यावरची गाणी कॅसेटमध्ये भरून पाठव, नाहीतर मी रडून रडून जीव देईन. आमची धाकटी अशीच. मागायचं तर जीवावर उदार होऊनच मागायचं.

आमच्या घरी टेप होता. ह्यांनी तो मोठ्या हौसेने घेतला होता. हे जळगावला नोकरीला, रविवारी घरी यायचे, त्यामुळे आठवडाभर टेपवर रुमाल झाकलेला असायचा. सासूबाईंना सगळे अक्का म्हणत, मीही अक्काच म्हणायची. अक्का दुपारी शेतात गेल्या की मी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. ह्यांची एक जुनी कॅसेट मी घेतली, तिच्या पाठीवरच्या खाचांत कागदाचे बोळे कोंबले, म्हणजे तिच्यावर पुन्हा भरता यायचं, आणि पाटावर टेप ठेवून त्याच्यासमोर भिंतीकडे तोंड करून बसले. भिंतीशी मला कधीच लाज वाटली नाही. आमच्या बकरीला मात्र माझा आवाज रुचला नसावा, कारण दुसऱ्या गाण्यात ती मध्येच जोरात ओरडली. पुन्हा भरायला वेळ नव्हता. राहू दिलं.

गाऱ्हाणं म्हणजे सासूचं, आणि माझ्याकडे सासू होती ती अक्का. अक्का शेतावर निघताना पिठाच्या डब्यात वरचं पीठ सारखं करायच्या आणि त्याच्यावर आपला पंजा दाबून ठेवायच्या. मागे कुणी मूठभर पीठ जरी काढलं तरी पंजा मोडायचा. मला त्याचा भयंकर राग यायचा. मी काय पीठ फाकणार होते? तो सगळा राग मी आमच्या अहिराणीत त्या गाण्यात ओतला:

‘सासू मनी भलती हुशार वं बाई,
पीठवर पंजा दाबी जास.’

पुढे त्या पंजाची बोटं, मनगटातल्या बांगड्यांचा रुबाब, शेतातून आल्यावर डब्यात डोकावणारं नाक, असं बरंच काही रचलं. रचताना इतकी मजा आली की शेवटी सवयीने मी तेही करून बसले जे आमच्या गावात प्रत्येक गाणारी करते. शेवटच्या कडव्यात माहेरचं आणि सासरचं गाव गुंफायचं, त्याशिवाय झोक्यावरचं गाणं पुरं झालं असं आम्ही मानत नाही. मी दोन्ही गावं गुंफली. कॅसेट सुरतेला गेली आणि मी ती विसरून गेले.

त्यानंतरच्या लग्नसराईत माहेरी जाताना धुळ्याच्या एसटी स्टँडवर मी रसवंतीपाशी उभी होते. शेजारच्या कॅसेटच्या दुकानातून बकरी ओरडली. बकरीला मी आधी ओळखलं, स्वतःला नंतर. दुकानासमोर माणसं उभी राहून हसत होती, आणि काचेमागे कॅसेटींची थप्पी लावलेली होती. कव्हरवर डोक्यावर घागर घेतलेल्या कुठल्यातरी गोऱ्यापान बाईचं चित्र होतं. मी पदर कपाळापर्यंत ओढला. जणू माझ्या तोंडावरच ते गाणं लिहिलेलं होतं.

नंतर कळलं ते असं. सुरतेला बहिणीच्या चाळीत सगळे खानदेशीच. एकीने ऐकायला नेली, दुसरीने तिच्यावरून भरून घेतली, कुणीतरी गावी येताना आणली, आणि दुकानदारांच्या हाती लागल्यावर मग काय विचारता. चोपड्याच्या लग्नात वाजली, बोदवडच्या बाजारात वाजली, टेम्पोत, पिठाच्या गिरणीत, सगळीकडे वाजली. मला वाटायचं, पंजा दाबणारी सासू जगात एकटी माझीच. पण घरोघरच्या सुना पोट धरधरून हसत होत्या, म्हणजे घरोघरी तेच चाललं होतं.

याचा मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. आमच्याच गल्लीतली एक सून सासूला उलट बोलली म्हणून माहेरी पाठवली होती, आणि तिला आणायला अजून कुणी गेलं नव्हतं. ती तर फक्त घरात बोलली होती. मी माझ्या सासूला साऱ्या मुलखात हसं करून ठेवलं होतं. वर गाणं संपताना ‘धरणगावची सून’ म्हणून सहीच ठोकली होती. दारात कुणी उभं राहिलं की मी आत चुलीपाशी जाऊन बसायची. भाजीवालीने नुसतं ‘अक्का घरमा शे का?’ विचारलं तरी माझा घास तोंडातच राहायचा.

एका रविवारी हेच ती कॅसेट घेऊन आले. जळगावला सगळं ऑफिस ऐकतं आहे म्हणाले. अक्का खाटेवर बसल्या, हे टेपपाशी, आणि मी पोळ्या लाटत दाराआड. ह्यांना हसू आवरेना. मांडीवर थापा मारत होते, शेवटच्या कडव्यातली गावं त्या गलक्यात बुडून गेली. ‘काय आवाज आहे बाईचा!’ म्हणाले, आणि त्याच दमात मला चहा टाकायला सांगितला. माझा जीव भांड्यात पडला, आणि मग मला इतकं वाईट वाटलं की चहात साखर घालायची राहिली. अक्का हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. पंजाचं कडवं संपल्यावर लेकाला एवढंच म्हणाल्या, ‘भाऊ, मांगे घे.’ ह्यांनी मागे घेतलं. अक्कांनी पुन्हा ऐकलं. दुसऱ्या दिवशी शेतावर जाताना डब्यात पंजा नेहमीसारखाच होता, जरा जास्तच खोल. त्यांना काय कळलं आणि काय नाही, ते मला समजेना. धड भांडण होईना, धड सुटका होईना.

उन्हाळ्यात आमच्या अंगणात उडदाचे पापड करायला गल्लीतल्या बायका जमल्या. कुणाच्या तरी घरातून ती कॅसेट ऐकू येत होती. शेवटच्या कडव्यात माझ्या माहेरच्या गावाचं नाव आलं तसं शेजारच्या काकूने लाटणं खाली ठेवलं. ‘अक्का, त्या गावनी तर तुनी सूनबी शे ना?’

मी हातातला पापडाचा गोळा पुन्हा पुन्हा मळत राहिले.

अक्का मोठ्याने हसल्या. ‘मनी सून? तिना तोंडमा जीभ शे का नही, ते माले अजून माहीत नही!’ सगळ्या हसल्या. काकू मात्र ऐकणाऱ्यातली नव्हती. तिने हट्टच धरला, मग एक ओळ म्हणून दाखवू दे. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. ‘म्हन वं. हाई येडीनी खात्री होऊ दे.’

वाईट गायचं, मुद्दाम बेसूर गायचं, एवढंच मनाशी ठरवलं. पण गळ्याला बेसूर जमेना. पहिलीच ओळ, तीही अर्धी, कशीबशी बाहेर पडली, आणि लाटण्यांचे आवाज थांबले. अक्कांनी हातातला पापड ताटात ठेवला आणि बायकांना म्हणाल्या, ‘ऊन व्हयनं. राहिलेलं उद्या करू.’ बायका एकेक करून उठल्या. जाताना कुणी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि माझी खात्री झाली की मी उद्या माहेरच्या गाडीत बसलेली असेन.

अंगणात आम्ही दोघीच उरलो. मी पाया पडायला वाकले, तर त्यांनी हाताने थांबवलं.

‘बठ्ठा मुलूखनी ऐकं,’ अक्का म्हणाल्या. ‘मीच तुना तोंडमातून नही ऐकं. मना घरमा राहीसन तुनी मनासमोर कधी तोंड उघाडं नही.’

शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. हे ऐकून मला रडू फुटलं.

‘आते म्हन,’ त्या म्हणाल्या. मी मान हलवली. समोर त्यांचे डोळे होते, मला जमणारच नव्हतं. मग गुडघ्यावर हात टेकत त्या जागच्या जागी वळल्या आणि माझ्याकडे पाठ करून बसल्या.

‘मी नही देखस. म्हन.’

त्यांच्या पाठीकडे बघत मी ते गाणं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत म्हटलं, आणि त्यातला एकही शब्द गाळला नाही.